‘ध’चा ‘मा’ करायचा, पण कुठे?

शनिवारवाड्याची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस पुण्यात सापडणं कठीण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक वाड्यात अजून ऐकू येते, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्या हाकेची भीती लहानपणी वाटते. मोठेपणी वाटते ती गारद्यांकडे गेलेल्या कागदाची. ‘नारायणरावांस धरावे’ असा मजकूर होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका. कुणीतरी समईच्या उजेडात बोरू उचलतं, एक अक्षर बदलतं आणि बोरू पुन्हा जागेवर ठेवतं. या गोष्टीतली सगळ्यात भयंकर जागा तीच, आणि तिथे आवाज होतो तो फक्त बोरूचा.

भयकादंबरीवरून चित्रपट करायला बसलेल्या माणसापुढे हीच निवड असते: हाक की बोरू. आपल्याकडे बहुतेक वेळा हाक निवडली जाते. मग कादंबरी वाचलेला प्रेक्षक बाहेर पडताना म्हणतो, ‘पुस्तकाची सर नाही.’ निर्माता म्हणतो, ‘पुस्तक पुस्तकाच्या जागी, पडद्याला वेगळं लागतं.’ दोघांचंही खरं आहे, पण निष्ठा नेमकी कशाशी ठेवायची याचा निकाल दोघेही लावत नाहीत. माझं म्हणणं असं की प्रसंग बदला, माणसं कमी करा, वेळ पडली तर शेवटही बदला; पण भीती ज्या वाटेने वाचकाच्या मनात शिरली ती वाट सोडू नका. ती वाट सापडायला वर्षभर तरी बसावं लागतं. त्या वर्षाचे पैसे आज कुणीच देत नाही, आणि मराठी भयपटाचं खरं दुखणं तिथे आहे. भुताच्या मेकअपमध्ये ते नाही.

‘वाट न सोडता प्रसंग बदलणं’ म्हणजे काय, याचा जुना आणि चांगला दाखला ‘सायको’चा आहे. १९५९ च्या कादंबरीतला मोटेल चालवणारा खुनी नॉर्मन चाळिशीचा, स्थूल, दारू पिणारा आहे आणि तो आपल्याला पहिल्या पानापासून भेटतो. १९६० च्या चित्रपटात तो तरुण आहे, लाजरा आहे, आणि सुमारे अर्ध्या तासाने पडद्यावर येतो. तोपर्यंत आपण त्या पैसे चोरून पळालेल्या मुलीच्या मागे असतो. कागदावर असल्या माणसाच्या डोक्यात शिरून वाचणं शक्य असतं, कारण त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. पडद्यावर तो पहिल्या फटक्यातच संशयित ठरला असता. कादंबरीची वाट ‘विश्वास ठेवला आणि फसलो’ ही होती. ती राखण्यासाठी माणूसच बदलावा लागला. ‘द शायनिंग’च्या कादंबरीत झुडपांचे कापून केलेले प्राणी जिवंत होतात; चित्रपटात ते सगळं काढून त्या जागी झुडपांचा चक्रव्यूह आणला गेला, कारण त्या काळच्या तंत्राने ते प्राणी पडद्यावर खोटे दिसले असते. अडचणीतून आलेला तो बदल चित्रपटाच्या हिताचा ठरला. मूळ लेखकाला, स्टीफन किंगला, मात्र तो चित्रपट आवडला नाही, हेही सांगायला हवं. त्याची तक्रार झुडपांपेक्षा गोष्टीतल्या बापाच्या स्वभावाबद्दल होती. बाप हळूहळू ढळतो ही त्याच्या कादंबरीची वाट होती आणि पडद्यावर तो सुरुवातीपासूनच ढळलेला दिसतो, असं त्याचं म्हणणं.

आता एक प्रसंग जवळून पाहू. समजा, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात घडणारी एक कादंबरी आहे आणि तिच्यात एवढंच लिहिलंय: ‘माजघरात पाचच खुंट्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं. आज सहावीवर कुणाचा तरी कोट टांगला होता.’ वाचणारा इथे थांबतो. चाळीस पानं मागे जाऊन पाच खुंट्या खरंच सांगितल्या होत्या का, ते शोधतो. सापडल्यावर त्याला जे होतं ती भयकादंबरी. थिएटरात बसलेल्याला पानं मागे उलटता येत नाहीत.

हा प्रसंग सहसा असा चित्रित होतो: नायिका आत येते, थबकते, तिच्या डोळ्यांचा क्लोजअप, मग सहाव्या खुंटीवर झूम आणि संगीताचा दणका. प्रेक्षक दचकतो खरा. पण दचकणं अर्ध्या सेकंदात संपतं, आणि सहावी खुंटी त्याने स्वतः शोधलेली नसते, त्याच्या तोंडावर आणून आदळलेली असते. कादंबरीतली वाट ‘मला एकट्याला कळलं’ ही होती. ती इथे बुजली.

तेच नीट करायचं तर पाच हा आकडा प्रेक्षकाला न मोजता कळलेला असायला हवा. म्हणून पाच खुंट्यांना पाच धनी द्यायचे: छत्री, आजोबांची काळी टोपी, शाळेचं दप्तर, बाजाराची पिशवी, किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या वीस मिनिटांत ती भिंत किमान तीनदा दिसली पाहिजे, दर वेळी एकाच जागेवरून. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, लेन्स ३५ मिलिमीटर, हालचाल नाही. दर वेळी कुणीतरी काहीतरी अडकवतं किंवा काढून नेतं, म्हणजे भिंतीला काम असतं. चौथ्यांदा तीच चौकट. पुढे नायिका विजेच्या बिलावरून कुरकुरते आहे, मागे डाव्या बाजूला सहावी खुंटी, तिच्यावर कोट. कुणी तिकडे बघत नाही. शॉट बारा-चौदा सेकंदांचा, मध्ये कट नाही, कारण कट आला की प्रेक्षक संकलकावर संशय घेतो आणि निर्धास्त होतो. मग आई मागून जाते, आणि कोटापाशी आल्यावर त्याला लागू नये म्हणून पदर आवरून घेते. पदराचं कादंबरीत नाही. तो घालावा लागतो, कारण ‘घरातल्या एकीला हे माहीत आहे’ ही गोष्ट कादंबरी पुढे दोन पानं खर्चून सांगते आणि पडद्याला त्यासाठी दोन सेकंद पुरतात.

यात बिघडण्यासारखं बरंच आहे. सहावी खुंटी नवी कोरी असली तर ती चमकते. बाकीच्या पाचांवर हातांचं तेल आणि चुन्याचे ओघळ असतात, तसेच हिच्यावरही चढवावे लागतात. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसतं, म्हणून पाच खुंट्यांचे सगळे शॉट आधी संपवले नाहीत तर भोक बुजवून भिंत रंगवायची वेळ येते आणि आडव्या उजेडात तो डाग दिसतो. ब्रेकडाउनच्या, म्हणजे प्रसंगवार लागणाऱ्या गोष्टींच्या यादीच्या, कागदावर प्रत्येक प्रसंगापुढे खुंट्यांचा आकडा लिहिणं एवढाच त्यावर उपाय. छायालेखकाने सवयीने लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर मागची भिंत धूसर होते आणि खुंटी हरवते. इथे छिद्र ५.६ किंवा ८ पर्यंत बंद करावं लागतं, म्हणजे दिवे जास्त लागतात, म्हणजे लायटिंगला तासभर जास्त. आणि शेवटी एडिटिंगच्या टेबलावर कुणीतरी म्हणतंच, ‘लोकांच्या लक्षात येणार नाही हो.’ रांगेतल्या चौघांच्या लक्षात येतं, ते शेजारच्याचा हात धरतात, आणि कुजबुज रांगेभर जाते. उरलेल्यांसाठी दोन प्रसंगांनंतर तो कोट कुणीतरी काढून अंगात घालतं.

एका वाक्याला एवढे कष्ट. आता अख्ख्या कादंबरीचा हिशेब बघा. साधारण २०० पानांची कादंबरी म्हणजे साठेक हजार शब्द, सहा-सात तासांचं वाचन. चित्रपट दोन तासांचा, म्हणजे पंचावन्न ते पासष्ट प्रसंग. एवढी छाटणी करताना पटकथाकाराने कादंबरी तीनदा वाचावी: एकदा सलग, एकदा पेन्सिल घेऊन, एकदा कार्डं घेऊन. प्रत्येक कार्डावर एक नोंद आणि कोपऱ्यात खूण: ‘घडतं’, ‘वाटतं’ की ‘सांगितलं जातं’. भयकादंबरीत ‘वाटतं’चा गठ्ठा सगळ्यात जाड निघतो. तीच तर कादंबरी असते. आणि नेमका तोच गठ्ठा ‘हे दाखवता येत नाही’ म्हणून बाजूला पडतो. उरतात ‘घडतं’ची कार्डं: दार करकरतं, मांजर उडी मारतं, विहिरीत प्रेत सापडतं. अशा सांगाड्यावर संगीताचं मांस चढवून जे उभं राहतं त्याला वाचक ‘पुस्तकाची सर नाही’ म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

‘वाटतं’च्या प्रत्येक कार्डासाठी एक वस्तू, एक हातवारा किंवा एक आवाज शोधणं हे पटकथेचं मुख्य काम. नाही सापडलं तर कार्ड सोडून द्यावं, पण ते निवेदनात ओतू नये. ‘मी’च्या तोंडून सांगितलेली कादंबरी पडद्यावर आणताना निवेदनाचा मोह फार होतो. पुस्तक वाचताना तो ‘मी’ आपल्याच आवाजात आपल्या डोक्यात बोलतो. पडद्यावर तो एका नटाचा, डबिंग स्टुडिओत मुद्रित केलेला, सुरक्षित आवाज होतो, आणि तो बोलतोय म्हणजे शेवटी वाचलाय, हेही आपल्याला कळतं.

‘सांगितलं जातं’चा गठ्ठा म्हणजे शेवटच्या प्रकरणात एखादे जाणते गृहस्थ वीस पानं बसून जे उलगडून सांगतात ते. कादंबरीत ते खपतं, कारण तोपर्यंत वाचक उत्तरासाठी आसुसलेला असतो. पडद्यावर वीस मिनिटं बोलणारा माणूस भीतीचा जीव घेतो. त्या माहितीचे तीन तुकडे करून ते तीन अशा माणसांना द्यावेत ज्यांतल्या कुणालाच पूर्ण ठाऊक नाही: भाडेकरूला एक, मोलकरणीला एक, एक जुन्या भाडेपावतीच्या मागे. जुळवाजुळव प्रेक्षकाने करावी. पंधरा-वीस पानांचा आराखडा, मग पहिला खर्डा, मग आणखी दोन-तीन खर्डे, दर खर्ड्याला सहा ते आठ आठवडे. वर्ष असं जातं.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण भयपट अर्ध्याहून जास्त कानाने बघितला जातो, आणि कारण या बाबतीत पुण्याला कुणाकडून शिकायला जायची गरज नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली. १९३७ चा तिचा ‘कुंकू’ हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. भयपट तो नव्हे. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची ती गोष्ट. पण त्यात पार्श्वसंगीत टाळून घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर भागवलं आहे, आणि भिंतीवरचं घड्याळ त्या म्हाताऱ्याच्या उरलेल्या आयुष्यासारखं चालत राहतं. कादंबरी, जुनं घर, कोंडलेली बाई, घड्याळाचा लंबक, आणि वर संगीत नाही. कुणी भयपटाची पटकथा करायला बसणार असेल तर त्याने आधी ‘कुंकू’ डोळे मिटून ऐकावा. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून चित्रपट शिकवणारी संस्था (एफटीआयआय) आहे आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच शहरात आहे. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असताना आपले भयपट आयत्या आवाजांच्या संचातला करकरणारा दरवाजा वापरतात, याचं वाईट वाटतं. सागवानी दिंडी दरवाजा तसा करकरत नाही. तो आधी बिजागरीत कण्हतो आणि मग उंबऱ्याला घासतो.

पेठेतल्या वाड्यात थेट ध्वनिमुद्रण करायचं तर वेळापत्रक आवाजावरून आखावं लागतं. सकाळी दुचाक्या, दुपारी पिठाची गिरणी, संध्याकाळी आरत्या. संवादांचं काम रात्री अकरानंतर आणि नुसत्या शांततेचं काम दोन ते चारमध्ये. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने टाळावेत, ढोल-ताशा पथकांचा सराव नदीपलीकडूनही भिंतीत घुमतो. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे त्या खोलीची रिकामी शांतता, पूर्ण एक मिनिट मुद्रित करायची, आणि तीसुद्धा युनिटची माणसं जागच्या जागी उभी असताना, कारण माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो. शेजारच्या बिऱ्हाडातला फ्रिज विनंती करून बंद करून घेतात तेव्हा अनुभवी साउंड रेकॉर्डिस्ट आपल्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवतो. म्हणजे काम संपल्यावर फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही आणि त्या घरचं दूध नासत नाही.

मिक्सिंगमध्ये शांतता म्हणजे शून्य नव्हे. आवाज पूर्ण तोडला की प्रेक्षकाला वाटतं यंत्र बिघडलं. एकेक थर काढत जावं: आधी रातकिडे, मग दूरचा रस्ता, मग पंखा. तिसरा थर जाईपर्यंत काहीतरी गेलंय एवढंच जाणवतं, काय ते कळत नाही. इथे मोठी चूक होते ती दणके वाढवण्याची. चित्रपटगृहात ध्वनियंत्राचा प्रमाण आकडा ७ धरून मिक्सिंग केलेलं असतं. दणके असह्य झाले, दोघांनी तक्रार केली, की तिथला माणूस तो आकडा ५ वर आणतो. दणके तरीही ऐकू येतातच. मरतात ते श्वास, पदराची सळसळ, माजघरातला घड्याळाचा ठोका. मोठ्या आवाजाच्या लोभापायी चित्रपट स्वतःच्याच हळू आवाजांचा बळी देतो.

अंधाराचंही तसंच. डिजिटल पडद्याचं उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) असलं तरी दिवा जुना झालेल्या चित्रपटगृहात त्याहून बराच कमी उजेड पडतो, आणि स्टुडिओतल्या मॉनिटरवर मखमली दिसलेला काळोख तिथे चिखल होतो. म्हणून अंधाऱ्या चौकटीत एक तरी ओळखीचा उजेड ठेवावा, समईची ज्योत किंवा दाराखालची फट, आणि अंतिम रंगकाम मंजूर करण्याआधी ते एखाद्या साध्या एकपडदा चित्रपटगृहात दुपारच्या वेळी लावून बघावं.

भयकादंबऱ्यांत लहान मुलं फार असतात. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कादंबरीतल्या मुलाचे चाळीस प्रसंग पटकथेत पंधरावर आणायचं हे व्यावहारिक कारण. मुलाला खरोखर घाबरवून शॉट घेणाऱ्या दिग्दर्शकाने हे काम करू नये, हे दुसरं आणि मोठं कारण.

आता मांत्रिकाकडे वळू. पुण्यात बसून भयपटाबद्दल लिहिताना हा विषय टाळणं मला अप्रामाणिक वाटतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत काय आहे ते भयपट करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावं: भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने किंवा साखळीने बांधून मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं. मागच्या पिढीतल्या कितीतरी भयकथांमध्ये नायक ठरलेला माणूस हेच करतो आणि मुलगी बरी होते.

‘या शहरात भुताचे चित्रपट करूच नयेत’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. भीती हा साहित्याचा जुना आणि मानाचा विषय आहे. ‘मनोरंजनच तर आहे’ म्हणणाऱ्यांशीही जुळत नाही. पडद्यावरचं भूत कुणी घरी नेत नाही. पडद्यावरचा उपचार मात्र नेतात. घरातली सून रात्री उठून बसते, बोलत नाही, जेवत नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचं की धुरी द्यायची, हे ठरवणाऱ्या माणसांनी काय काय पाहिलेलं असतं याला महत्त्व आहे. कागदावर धुरीचा प्रसंग वाचकाच्या कल्पनेत धूसर राहतो. पडद्यावर तो कृतीसहित, प्रकाशयोजनेसहित आणि यशासहित दिसतो. सुरुवातीला तीन सेकंद झळकणारी ‘आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही’ ही पाटी त्या यशाला पुसत नाही.

म्हणून ‘ध’चा ‘मा’ इथे बेधडक करावा. मांत्रिक ठेवा, पण त्याला विजय देऊ नका. त्याला घाबरवा. त्याचा विधी फसू द्या आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागली ते दाखवा. कादंबरीची भीती याने कमी होत नाही, वाढते, कारण ज्याच्या भरवशावर घर टेकलं होतं तो आधारच जातो. प्रमाणपत्रासाठी धावपळ होते तेव्हा मात्र उलटं घडतं. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळालं तर टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून ‘यूए’साठी आधी रक्त कापलं जातं, आता त्यात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पेही आले आहेत. धुरीचा प्रसंग रक्ताशिवाय असतो, तो तसाच राहतो.

हक्कांचं आता. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात; भयकथालेखक नारायण धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०६८ अखेरपर्यंत आहेत. प्रकाशकाकडे बहुधा छपाईचेच हक्क असतात, चित्रपटाचे नव्हे, तरी ‘अप्पा बळवंत चौकात (पुण्याच्या पुस्तकबाजारात) जाऊन बोलून आलो’ एवढ्यावर कामं सुरू होतात. करार लेखी हवा, त्यात मुदत आणि प्रदेश हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षभरात वापर न केलेले हक्क परत जातात. मृत्युपत्र नसेल तर प्रत्येक वारसाची सही लागते, परदेशातल्या भाच्याचीसुद्धा. आणखी एक गोष्ट मराठीत विशेष जपावी लागते: त्या काळच्या कित्येक भयकथा इंग्रजी कथांवर बेतलेल्या आहेत, काहींत तसा उल्लेखही नाही. अशा कथेचे हक्क इथल्या वारसांनी विकले तरी मूळ लेखकाचा हक्क शिल्लक राहतो. १९२२ चा ‘नोस्फेराटू’ हा ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीशिवाय केलेला, लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. हक्क विकल्यावरही लेखकाचा शब्द संपत नाही. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’वरून निघालेल्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे मान्य केलं: माध्यमासाठी लागणारे बदल करता येतात, पण कृतीचा विपर्यास झाला तर लेखक कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली दाद मागू शकतो.

आता पैशांकडे येतो. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान मिळतं ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन. चांगल्या चित्रपटाच्या निर्मात्याला त्याने हात मिळतो, याबद्दल वाद नाही. पण पटकथेचं वर्ष त्याच्या फार आधी उलटून गेलेलं असतं. निर्माता ते वर्ष विकत घेत नाही, कारण त्याला पडद्यावर दिसेल असं काहीच त्यात नसतं. मग सहा आठवड्यांत पटकथा, तीस दिवसांत चित्रीकरण, आणि उरलेल्या पैशांतून संगणकी भूत.

धीराने केलं की काय होतं ते ‘तुंबाड’ने दाखवलं. प्रेरणा पुण्याच्या धारपांच्या कथेची, चित्रीकरणाचा काही भाग इथून जवळच्या सासवडच्या वाड्यातला, आणि पाऊस खरा हवा म्हणून चार पावसाळे थांबलेली माणसं. चित्रपट २०१८ मध्ये हिंदीत आला. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. प्रेक्षक आहे, आणि तो सहा वर्षांनंतरही तिकीट काढून येतो. तिथे लघुकथा होती, तिच्यात भर घालता आली. कादंबरीला कात्री लावावी लागते आणि ते काम जास्त अवघड, म्हणून जास्त वेळ मागणारं.

माझी मागणी सरळ आहे. अनुदानाच्या रकमेतला एक वाटा पटकथेच्या टप्प्यावर द्यावा. वर्षभर एका लेखकाचं घर चालेल एवढा, आणि कादंबरीच्या हक्कांचं दीड वर्षाचं ऑप्शन, म्हणजे तेवढ्या मुदतीसाठी हक्क राखून ठेवण्याचा करार, घेता येईल एवढा. हप्ते तीन: आराखड्यावर पहिला, दुसऱ्या खर्ड्यावर दुसरा, आणि तिसरा जाहीर वाचनानंतर. वाचन एखाद्या छोट्या रंगमंचावर व्हावं, दिवे मालवून, चार नटांनी, कमीत कमी चाळीस अनोळखी श्रोत्यांपुढे. जिथे खोकल्याचे आवाज येतात तिथे पटकथा ढिली आहे. जिथे खुर्चीसुद्धा वाजत नाही, त्या जागा लाल पेन्सिलीने खुणवून ठेवाव्यात आणि दिग्दर्शकाला सांगावं की इथे संगीत नको. याला शहरात जागा आहेत, नट आहेत, आणि असं वाचन ऐकायला तिकीट काढून येणारी माणसंही आहेत.

दुसरं काम त्याहून तातडीचं आहे आणि त्याला अनुदानाची वाट बघायची गरज नाही. पेठांतले वाडे एकेक करून पाडले जात आहेत. कोनाडे, कडीपाटाचं छत, खिडकी नसलेली बाळंतिणीची खोली सेटवर पुन्हा उभी करता येते, कारण फोटो असतात. त्या खोल्यांचा आवाज पुन्हा बांधता येत नाही. सागाच्या जिन्याच्या सातव्या पायरीचा, आडात पोहरा उतरतानाचा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उमटणाऱ्या अनवाणी पावलांचा. ज्या वाड्याच्या विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत, त्याच्या मालकांना विचारून, भाडेकरू निघून गेल्यानंतर आणि मजूर यायच्या आधी, एका रात्री दोन माइक आणि एक रेकॉर्डर घेऊन जावं. रात्री दोन ते चार. प्रत्येक खोलीची एक मिनिट शांतता, मग प्रत्येक दार एकदा हळू आणि एकदा जोरात, मग जिना वर आणि खाली, मग कौलांवर आतून काठी. ध्वनिमुद्रण शिकणारी दोन मुलं आणि वाड्यात वाढलेली एक आजी, एवढी माणसं पुरतात. कोणतं दार कसं वाजायचं आणि आता कसं वाजतंय, ते आजी सांगेल. तेही मुद्रित करावं.